कागद पडण्याच्या प्रयोगाची तयारी

शाळेतून ‘घरी एक प्रयोग करून आणा’ असं सांगितलं की बरेच पालक कागदाचा प्रयोग निवडतात. सामान घरातच मिळतं, खर्च नाही. पण कागदाला हवा नाचवते, म्हणून सामान गोळा करण्याआधी जागा बघा.

मुंबईत गॅलरी किंवा गच्ची लगेच सुचते. ती नकोच. दुपार झाली की समुद्रावरचं वारं सुटतं, शिवाय कागद कुठे पडला ते बघायला मूल कठड्यावरून वाकतं. त्यापेक्षा बाहेरची खोली बरी. पंखा आणि एसी बंद, खिडक्या लावलेल्या, दार ओढलेलं. पाती थांबली तरी खोलीतली हवा काही वेळ फिरतच राहते. एक उदबत्ती लावा आणि धूर सुरुवातीला सरळ वर जातोय का ते पाहा. वाकडा जात असेल तर अजून थांबा. बघून झालं की ती विझवून कागदांपासून दूर ठेवा. आमच्याकडे सकाळी सातच्या आत, शेजारची ये-जा सुरू होण्यापूर्वी, धूर सर्वात सरळ असतो.

कागद रद्दीतला घेऊ नका, सगळे एकाच रिममधले घ्या. पावसाळ्यात इथे कागद ओल धरतो, मऊ पडतो, थोडा जडही होतो. आदल्या रात्रीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेले बरे. रिमवर 80 जीएसएम लिहिलेलं असेल तर एक चौरस मीटर कागदाचं वजन 80 ग्रॅम. ए-4 आकाराचे 16 कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे एका कागदाचे 5 ग्रॅम. हा हिशोब मुलालाच करू द्या आणि मग दहा कागद एकदम स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून ताडून बघा.

प्रश्न एकच असावा आणि तो वहीत आधी लिहावा. ‘कोणता कागद लवकर पडतो?’ हा प्रश्न फार मोघम आहे. दोन सारखे कागद घ्या, एक सपाट ठेवा, दुसऱ्याचा बोळा करा. वजन तेच, बदलला फक्त आकार. अंदाज पेनाने लिहायला सांगा, म्हणजे नंतर खोडता येणार नाही.

वजनाचा परिणाम बघायचा असेल तर आकार तोच राहिला पाहिजे, आणि इथे साधा कागद अपुरा पडतो. केकच्या सामानाच्या दुकानात मफिनचे पातळ कागदी कप मिळतात, ते आणा. एकात एक बसवले की वजन वाढतं, आकार जवळपास तसाच राहतो. हा माझा सर्वात आवडता भाग. कप पडू लागला की थोड्याच वेळात हवेचा विरोध त्याच्या वजनाइतका होतो आणि पुढे तो एकाच वेगाने खाली येतो. वजन चौपट केलं तर हा वेग दुप्पट होतो. म्हणून भिंतीवर 1 मीटर आणि 2 मीटरवर चिकटपट्टीच्या खुणा करा. एकाच मोठ्या माणसाने एका हातात खालच्या खुणेपाशी एक कप आणि दुसऱ्या हातात वरच्या खुणेपाशी चार कप, तळ खाली करून, धरावेत आणि एकदम सोडावेत. मुलाने जमिनीवर आडवं होऊन पाहावं. दोन्ही जवळपास बरोबर टेकतात. चार कप किंचित मागे राहतात, कारण त्यांना पूर्ण वेग पकडायला जास्त वेळ लागतो.

या शर्यतीत घड्याळ लागत नाही, हे महत्त्वाचं. 2 मीटरवरून बोळा साधारण 0.64 सेकंदात खाली येतो, आणि बघून बटण दाबायला माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. स्टॉपवॉचवर काय भरवसा ठेवणार? वेळ मोजायचीच असेल तर मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून व्हिडिओ घ्या आणि चित्रं मोजा. सेकंदाला 30 चित्रं असतील तर बोळ्याला एकोणीस-वीस लागतील.

प्रत्येक प्रकार पाच वेळा. कागद कपाटाला आपटला, हात आधी सुटला, तर ती नोंदही ठेवावी, शेजारी कारण लिहावं आणि पुन्हा करावं. चुकीची वाटणारी नोंद कुणी गुपचूप गाळू नये.

‘हवाच नसती तर?’ हे मूल विचारेलच. 1971 साली अपोलो 15 मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, दोन्ही बरोबर पडली. ते चित्रण आदल्या रात्री दाखवून ठेवा.

शाळेत न्यायचे कप दप्तरात चेपतात, आणि चेपलेला कप वेगळा पडतो. ते स्टीलच्या डब्यात भरा, दहा जास्तीचे ठेवा. मेझरिंग टेप, चिकटपट्टी आणि वही वरच्या कप्प्यात.