हायब्रिड कूलर लावताय? पाण्याच्या नादात हवेला विसरू नका, या चुका टाळा

हायब्रिड कूलर म्हणजे पीसीचा प्रोसेसर पाण्याने आणि त्याच्या आजूबाजूचे भाग छोट्या फॅनने थंड करणारा कूलर. प्रोसेसरचं टेम्परेचर ७० अंशांच्या आत दिसतंय आणि तरी रेंडर लावला की दहा मिनिटांत स्पीड पडतो, असं होत असेल तर आधी व्हीआरएमचं, म्हणजे बोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचं, टेम्परेचर बघा. मी पहिला एआयओ (पंप, नळ्या, रेडिएटर जोडूनच येणारा पाण्याचा कूलर) लावला तेव्हा कॅबिनेटचे पुढचे दोन फॅन काढूनच टाकले होते, वाटलं आता पाणी आहे ना, हवेचं काय काम. पण जुना साधा कूलर प्रोसेसरसोबत सॉकेटच्या आजूबाजूलाही वारा मारायचा, व्हीआरएम, रॅम, एसएसडी सगळे त्या वाऱ्यावर जगत होते, आणि पंपाचा ब्लॉक तिथे काहीच वारा देत नाही. व्हीआरएम तापलं की बोर्ड स्वतःच प्रोसेसरची पॉवर कमी करतो. म्हणून तर आर्क्टिक कंपनीने आपल्या लिक्विड फ्रीझर २ कूलरच्या पंपावर ४० मिमीचा छोटा फॅन बसवला, असूसच्या र्‍युजिन कूलरमध्ये तो ६० मिमीचा आहे. पण त्या छोट्या फॅनलाही कॅबिनेटमध्ये ताजी हवा यायला लागते, त्यामुळे पुढचे फॅन काढू नका, प्लीज.

दुसरी गडबड वायरची. लिक्विड फ्रीझर २ मध्ये पंप, रेडिएटरचे फॅन आणि तो छोटा फॅन तिन्ही एकाच वायरवर चालतात. ती सीपीयू फॅनच्या पिनवर लावून बायॉसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) सायलेंट मोड ठेवला तर फॅनसोबत पंपही मंदावतो, आणि फुल स्पीडच्या पंप पिनवर लावली तर सगळंच दिवसभर बोंबलत राहतं. सीपीयू फॅनवरच लावा आणि कर्व्ह, म्हणजे किती टेम्परेचरला किती स्पीड, हाताने सेट करा. ज्या कूलरमध्ये पंपाची वायर वेगळी असते तिथे मात्र पंप फुल स्पीडलाच ठेवायचा. आणि फॅन सारखे वरखाली होत असतील तर कूलर खराब नाहीये, चिप क्षणात तापते पण पाणी तापायला काही मिनिटं घेतं, तेव्हा बायॉसमध्ये फॅनचा रिस्पॉन्स थोडा उशिराचा ठेवा.

रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा, नाहीतर लूपमधली हवा पंपात जाऊन बसते आणि गुळगुळ आवाज येतो. जाडीही आधीच मोजा, ३८ मिमी रेडिएटर अधिक २५ मिमी फॅन म्हणजे ६३ मिमी, वर बसवताना रॅमला अडकतं. कोल्ड प्लेटवरचं (प्रोसेसरला टेकणाऱ्या ब्लॉकच्या तळावरचं) प्लास्टिक काढलं का तेही बघा.

आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० ला असते, आणि पाणी कितीही फिरलं तरी खोलीपेक्षा थंड होत नाही कारण शेवटी उष्णता हवेलाच द्यायचीये. त्यात रायझन ७९५०एक्स हा प्रोसेसर फुल लोडला ९५ ला जातोच, तो तसाच बनवलाय, त्यासाठी कूलर परत पाठवू नका. धूळ मात्र नक्की बघा, ती फॅन आणि रेडिएटरच्या मध्ये साचते, बाहेरून दिसतच नाही, फॅन उघडूनच काढावी लागते, आणि ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा.

आणि पीसी चालू केल्या केल्या काही न करताच टेम्परेचर ९० च्या वर पळालं, बायॉसमध्ये पंपाचा आरपीएम शून्य दिसला तर लगेच बंद करा. आधी वायर नीट बसलीये का बघा, तरीही शून्यच असेल तर पंप गेलाय, वॉरंटीचं बिल शोधा.