खपली काढण्याआधी थांबा : कुत्र्या-मांजरांच्या ऑटोइम्यून त्वचारोगात या चुका टाळा

नाकाडावर पिवळट खपल्या, डोळ्यांभोवतीचे केस गळालेले, कानाच्या पाळ्या खडबडीत आणि पंजाच्या गाद्या इतक्या जाड झालेल्या, की कुत्रा फरशीवर पाय टेकायलाही कचरतो. असा प्राणी त्वचेच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतो तोवर त्याच्या फाइलमध्ये सहसा तीन नोंदी आधीच असतात : अँटिबायोटिकचा कोर्स, बुरशीच्या गोळ्या आणि ‘खाजेचं इंजेक्शन’. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस बरं वाटलं आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं.

हे चित्र दिसलं की पेम्फिगस फोलिएशस हे नाव मनात यायलाच हवं. ऑटोइम्यून म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते असा आजार. कुत्र्या-मांजरांच्या अशा त्वचारोगांत सर्वाधिक आढळणारा हा आजार. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी डेस्मोसोम नावाच्या टिचबटणांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. या आजारात शरीराच्या अँटिबॉडीज त्या बटणांवरच हल्ला करतात. कुत्र्यांत मुख्य लक्ष्य असतं डेस्मोकोलिन-१ हे प्रथिन; माणसांतल्या याच नावाच्या आजारात ते डेस्मोग्लाइन-१ असतं. पेशी सुट्या होतात, गोल होऊन तरंगू लागतात, तिथे पांढऱ्या पेशी जमतात आणि पुटकुळी तयार होते. ती दिसते पुवाने भरलेली, पण आत बहुधा जंतू नसतात.

माझं ठाम मत असं, की या आजारात सर्वांत जास्त नुकसान घाईमुळे होतं, आणि ती घाई दोनदा होते. एकदा निदान होण्याआधी स्टेरॉइड देण्याची, आणि दुसऱ्यांदा खपल्या गळल्या की तेच स्टेरॉइड बंद करण्याची.

आधी इंजेक्शन, मग तपासणी

प्राणी खाजवतोय, रात्रभर कुणाला झोप नाही, म्हणून ‘तात्पुरतं काहीतरी द्या’ अशी गळ घातली जाते. मग दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं. खपल्या पडतात, घरात आनंद होतो. पण त्या औषधाचा अंमल आठवडेच्या आठवडे राहतो आणि तेवढा काळ बायोप्सीत, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, आजाराच्या खुणा पुसट झालेल्या असतात. अहवाल येतो : ‘अविशिष्ट दाह’, म्हणजे सूज आहे पण कशामुळे ते सांगता येत नाही. पैसे गेले, भूल दिली, टाके पडले आणि हाती काही लागलं नाही. तोंडातून दिलेल्या स्टेरॉइडनंतर बायोप्सीसाठी सर्वसाधारणपणे 2 ते 3 आठवडे थांबावं लागतं. दीर्घ अंमलाच्या इंजेक्शननंतर 6 ते 8 आठवडे.

म्हणून ‘कुठलं इंजेक्शन दिलंत?’ हे विचारायला संकोचू नका. नाव आणि तारीख लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांना त्या एका ओळीचा उपयोग जाडजूड फाइलपेक्षा जास्त होतो.

दवाखान्यात नेण्याआधी स्वच्छ आंघोळ

डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून प्राण्याला चोळून आंघोळ घालणं, खपल्या कोमट पाण्याने भिजवून काढणं, वर हळद किंवा कडुनिंबाचा लेप लावणं. सगळं प्रेमापोटीच होतं. पण निदान त्या खपलीतच दडलेलं असतं.

कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर पातळ असल्याने पुटकुळी फार काळ टिकत नाही, अनेकदा दिवसभरातच फुटते आणि मागे खपली उरते. एखादी न फुटलेली पुटकुळी दिसली तर मोबाइलवर जवळून फोटो काढा आणि शक्य असेल तर त्याच दिवशी, काहीही न लावता, दवाखाना गाठा. डॉक्टर सुईने ती अलगद फोडून आतला द्रव काचपट्टीवर घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पांढऱ्या पेशींच्या गर्दीत गोल, सुट्या, गडद रंगाच्या त्वचापेशी दिसल्या आणि जंतू दिसले नाहीत, तर संशय पक्का होऊ लागतो. त्या सुट्या पेशींना अकँथोलिटिक पेशी म्हणतात. पुटकुळी मिळाली नाही तर खपली उचलून तिच्या खालच्या ओल्या जागेवर काचपट्टी दाबतात. या तपासणीला खर्च थोडा आणि वेळ काही मिनिटांचाच, तरी ती वगळली जाते याचं मला फार वाईट वाटतं.

बायोप्सीचंही तसंच. शस्त्रक्रियेची सवय असलेला हात आधी जागा भादरतो, स्पिरिटने घासतो आणि मग नमुना घेतो. इथे तसं करायचं नाही. केस फार तर कात्रीने हलकेच कापायचे, पृष्ठभागाला हात लावायचा नाही. नमुना एकच न घेता वेगवेगळ्या ठिकाणचे तीन-चार घ्यायचे : पुटकुळी असेल तर ती अख्खी, नसेल तर खपलीसकट त्वचा. चिघळलेल्या जखमेच्या मधोमध नमुना घेऊन उपयोग नसतो, कारण तिथे वाचायला वरचा थरच उरलेला नसतो. सुटी झालेली खपलीसुद्धा बाटलीत टाकायची आणि तसं चिठ्ठीवर लिहायचं. नमुना टिकवणारं फॉर्मॅलिन 10 टक्क्यांचं आणि नमुन्याच्या किमान दहापट. सोबत वय, जात, आजार कधी सुरू झाला, कुठे पसरला, आजवर काय दिलं याची पूर्ण माहिती आणि फोटो. पॅथॉलॉजिस्टला नुसतं ‘त्वचा, कुत्रा’ एवढं लिहून पाठवलं, तर त्याच्याकडून उत्तरही तेवढंच मोघम येणार. मुंबईचं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं आहे, शिरवळ आणि नागपूरलाही महाविद्यालयं आहेत. तिथल्या विभागांत किंवा खासगी प्रयोगशाळेत प्राण्यांच्या त्वचेचे नमुने नेहमी वाचणारं कोण आहे, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्या.

नकलाकारांना न वगळता मोठा डोस

पेम्फिगसची हुबेहूब नक्कल करणारे आजार आहेत आणि त्यातल्या काहींना स्टेरॉइड दिलं तर आगीत तेल ओतल्यासारखं होतं.

स्टॅफिलोकॉकस जंतूंचा संसर्ग पुटकुळ्या आणि खपल्या आणतो, शिवाय पेम्फिगसवर स्वार होऊनही येतो. म्हणून संसर्ग असेल तर आधी तो आवरायचा, मग बायोप्सी. ट्रायकोफायटन या बुरशीमुळे त्वचापेशी सुट्या होऊन सूक्ष्मदर्शकाखालीही पेम्फिगससारखंच दिसू शकतं. त्यासाठी बुरशीचं कल्चर करावं आणि बायोप्सीवर पीएएस हा बुरशी दाखवणारा खास रंग वापरायला सांगावा. बुरशी माणसांनाही लागते. पेम्फिगस कुणालाच लागत नाही. घरात लहान मुलं असतील तर हा फरक कळणं किती महत्त्वाचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

डेमोडेक्स या किड्यांसाठी त्वचा दाबून खोलवर खरवडून पाहिलीच पाहिजे. ‘खरूज असेल’ म्हणून अंदाजाने आयव्हरमेक्टिन टोचणं हा त्यावरचा उपाय नव्हे. कोलीसारख्या जातींच्या काही कुत्र्यांत ते थेट मेंदूवर विषारी परिणाम करतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासावीच लागते : गोचिडांमुळे होणारा टिक फीव्हर. त्याचे एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात लपून असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू केली, तर प्लेटलेट्स घसरून प्राणी दगावू शकतो. पहिल्या गोळीआधी रक्ताची पूर्ण तपासणी, यकृत-मूत्रपिंड, लघवी आणि एर्लिकियाची चाचणी एवढं तरी व्हायलाच हवं. एएनए चाचणीवर मात्र पैसे घालवू नका. ती रक्तचाचणी ल्युपस या दुसऱ्या ऑटोइम्यून आजाराच्या शरीरभर पसरणाऱ्या प्रकाराचा संशय असताना उपयोगी; पेम्फिगसमध्ये तिच्यातून काही हाती लागत नाही.

नाकाचा रंग उडाला की ‘कॅल्शियम कमी झालं’

नाकाचा पृष्ठभाग नेहमी बारीक खडीसारखा असतो. रंग उडाला पण ती खडी शाबूत असेल, जखम नसेल, तर बहुधा काळजीचं कारण नाही. लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरमध्ये थंडीत असं होतं. नाक गुळगुळीत होऊन निळसर-राखाडी पडलं, चिरा गेल्या, रक्त येऊ लागलं, तर डिस्कॉइड ल्युपसचा, म्हणजे ल्युपसच्या त्वचेपुरत्या प्रकाराचा, विचार करायला हवा. त्यात नमुना राखाडी झालेल्या, अजून न चिघळलेल्या जागेतून घ्यावा. उन्हाने हा आजार बळावतो, त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळीच फिरवा. त्यावर बहुतेक वेळा 0.1 टक्का टॅक्रोलिमसचं (प्रतिकारशक्ती दाबणारं) मलम, उन्हापासून बचाव आणि डॉक्सिसायक्लिन-नायसिनामाइड या औषधांच्या जोडीवर भागतं. मोठ्या डोसाच्या स्टेरॉइडची गरज क्वचितच पडते.

एका प्रसंगात मात्र एक दिवसही थांबू नका. हस्की, अकिता किंवा सामोयेड कुत्र्याचे डोळे लाल झाले, उजेड सहन होईना आणि नाक-ओठांचा रंग उडू लागला, तर तो डोळे आणि त्वचा दोन्हींना ग्रासणारा ऑटोइम्यून आजार असू शकतो. डोळ्यांवर ताबडतोब उपचार झाले नाहीत तर कायमचं अंधत्व येतं.

अर्धवट डोस आणि मग एकदम बंद

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं काम डोसावर ठरतं. ॲलर्जीच्या खाजेला किलोमागे दिवसाला 0.5 ते 1 मिलिग्रॅम पुरतं. पेम्फिगसमध्ये कुत्र्याला सुरुवातीला किलोमागे साधारण 2 मिलिग्रॅम लागतं. खाजेचाच डोस महिनाभर दिला तर आजार हटत नाही, दुष्परिणाम मात्र सगळे होतात, आणि मग ‘स्टेरॉइड लागू पडत नाही’ असा चुकीचा शिक्का बसतो. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना प्रश्न विचारता यावेत म्हणून दिले आहेत. घरी गोळ्या मोजायला नाहीत.

दोन आठवड्यांत नव्या पुटकुळ्या येणं थांबलं पाहिजे. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. खपल्या गळतात, केस उगवू लागतात, आणि दुसरीकडे कुत्रा बादलीभर पाणी पितो, घरात लघवी करतो, सतत खायला मागतो, धापा टाकतो. घरचे वैतागून गोळ्या थांबवतात. यात दुहेरी धोका आहे. आजार उसळून येतो, आणि इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने सुस्तावलेल्या, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथी एकाएकी काम सुरू करू शकत नाहीत : उलट्या, अशक्तपणा, कोसळणं. डोस दर दोन ते चार आठवड्यांनी साधारण 20 ते 25 टक्क्यांनी उतरवायचा, आणि प्रत्येक पायरीआधी त्वचा तपासून घ्यायची. नुसता कॅलेंडर पाहून डोस उतरवू नये.

स्टेरॉइड लवकर खाली आणता यावं म्हणून कुत्र्यांत ॲझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन किंवा मायकोफेनोलेट यांपैकी प्रतिकारशक्ती दाबणारं एखादं औषध जोडतात. ॲझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी रक्तपेशी व यकृताची तपासणी टाळता येत नाही. अनेक प्राण्यांना थोडं औषध आयुष्यभर लागतं. काहींचं पूर्ण सुटतंही. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट बोललं गेलं तर मधेच औषध सोडणारी घरं कमी होतील, असा माझा अनुभव आहे.

स्टेरॉइड चालू असताना लंगडतोय म्हणून मेलोक्सिकॅम किंवा दुसरी वेदनाशामक गोळी कधीच देऊ नका. दोन्ही मिळून पोटात व्रण होतात, आतडं फुटूही शकतं. डांबरासारखी काळी शी दिसली तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

मांजराला कुत्र्याचंच औषध

मांजरात खुणा थोड्या वेगळ्या असतात : कान, सडांभोवतीची त्वचा आणि विशेषतः नखांच्या मुळाशी घट्ट, पनीरसारखा पू. एकाच वेळी अनेक नखांशी असं दिसलं तर ‘नखाला लागलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

ॲझाथायोप्रिन मांजराला द्यायचं नाही. ते औषध पचवणारं एन्झाइम त्यांच्यात फार कमी असतं, आणि अस्थिमज्जा बंद पडून मांजर मरू शकतं. प्रेडनिसोन ऐवजी प्रेडनिसोलोनच द्यायचं, कारण मांजराचं शरीर पहिल्याचं दुसऱ्यात नीट रूपांतर करत नाही. जोडीला सायक्लोस्पोरिन किंवा क्लोरँब्युसिल वापरतात. स्टेरॉइडमुळे मांजरांत मधुमेह उद्भवू शकतो, म्हणून तहान वाढली की साखर तपासा. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

कपाटातली ट्यूब

माणसांच्या गजकर्णासाठी दुकानात सहज मिळणारी स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं प्राण्याला लावू नका. निदान झाकलं जातं, आणि अर्धं मलम चाटून पोटात जातं. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीनही चाटल्यास विषारी. आंघोळीच्या पाण्यात डेटॉल टाकण्याची सवय तर घरोघरी असते. त्यातली फिनॉल वर्गातली द्रव्यं मांजरांना बाधतात.

लसीच्या तारखेचा गोंधळ

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी सहसा पुढे ढकलतात. मात्र त्या नादात रेबीजची लसही राहून जाते, आणि आपल्याकडे तो धोका पत्करता येत नाही. ती लस मृत विषाणूची असते. औषधांचा डोस खाली आलेला असताना ती द्यावी का, अँटिबॉडीची पातळी तपासावी का, हे देय तारखेच्या महिनाभर आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा. तोवर प्राण्याला रस्त्यावरच्या कुत्र्यांपासून दूर ठेवा आणि पट्ट्याशिवाय बाहेर सोडू नका.