शर्यतीतला ग्रेहाउंड कोकणातल्या घरी आणताय? आधी एवढं करून ठेवा

सगळ्यात आधी कोंबड्या. तुमच्या, शेजारच्या, वाडीतल्या सगळ्या. कारण हा कुत्रा आयुष्यभर पुढे पळणाऱ्या वस्तूच्या मागे धावायलाच शिकलाय, तासाला साठ-पासष्ट किलोमीटरने पळतो, तुम्ही चप्पल घालेपर्यंत तो शेजारच्या आगरात पोचलेला असतो. म्हणून साधा पट्टा नकोच, यांची मान डोक्यापेक्षा जाड असते, मागे सरकला की पट्टा सुळकन निघतो. आमचा असाच निघाला आणि पुढचा अर्धा तास अख्खी वाडी एका कोंबड्यासाठी धावत होती. ओढलं की आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या, जोडीला हार्नेस आणि जाळीचं मुस्कं. चिऱ्याचा गडगा कमरेएवढाच असेल तर त्यावर सहा फुटांपर्यंत जाळी मारून घ्या. आणि समुद्रावर मोकळं सोडायचा मोह आवरा, कितीही रिकामा किनारा असला तरी.

घरात गुळगुळीत फरशी असेल तर जुनी पोती, चटया अंथरा. जिना, काचेचं दार, आरसा यातलं बहुतेकांनी काही पाहिलेलंच नसतं. आमच्याकडे सारवलेल्या पडवीत तो पहिल्या दिवशी छान चालला, टाइल्सच्या हॉलमध्ये मात्र पाय फाकून उभाच.

डॉक्टर आधीच गाठा, आणि ऑपरेशनची वेळ आली तर ग्रेहाउंड आहे हे ठासून सांगा, अंगावर चरबी जवळपास नसते, भुलीची काही औषधं शरीरातून लवकर जात नाहीत, थायोपेंटोन तर टाळायचंच. दुसरं म्हणजे तब्येत ठणठणीत असतानाच रक्त तपासून रिपोर्ट जपून ठेवा. यांच्यात लाल पेशी मुळातच जास्त, प्लेटलेट कमी, थायरॉइडचं संप्रेरकही कमी. आता आपल्याकडे गोचीडतापातही प्लेटलेट उतरतात, मग जुना रिपोर्ट नसेल तर प्लेटलेट आजाराने कमी आहेत की जातीनेच हे कळणार कसं? गोचिडांचं औषध बारा महिने, आणि लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) लस पावसाच्या आधीच, चिखलात गेल्यावर नव्हे. दातही बघून घ्या, बऱ्याचदा वाईट असतात.

गोधड्या निदान तीन ठेवा, जुलैत एक वाळेपर्यंत दुसरी ओली होते, आणि हाडं टोचतात म्हणून जाड पाहिजेत. रेनकोटही लागतो, हसू नका, केस इतके पातळ की भिजला की कुडकुडतो. मे महिन्यात फिरणं उजाडताच.

घाटातून आणताना पोट रिकामं ठेवा, गाडीत जुने टॉवेल. पहिल्या रात्री पोरांना बजावून ठेवा की झोपलेल्याला हात लावायचा नाही, बरेचदा उघड्या डोळ्यांनी झोपतात हे, जागा वाटतो आणि दचकून चावू शकतो. लांबूनच नावाने हाक मारायची.