जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड मधेच चालतो, मधेच बंद पडतो? बदलण्याआधी हे करून बघा

कीबोर्ड पूर्ण मेला तर एकवेळ परवडलं, नवीन बसवला की विषय संपला. डोकं खातो तो सकाळी नीट चालणारा आणि दुपारी ई, आर, टी गिळून टाकणारा. दुकानात नेला की तिथे अगदी शहाण्यासारखा चालतो आणि मग दुकानदार म्हणतो, बदलून टाका, जुना झालाय. बदलायचा तर बदला, पण आधी दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा, कोणती बटणं जातात, कधी जातात, आणि काय केलं की परत येतात. हे कागदावर लिहून ठेवलंत ना, तर अर्धं काम तिथेच झालं.

पासवर्डच टाकता येत नसेल तर घाबरू नका. विंडोज 10 किंवा 11 च्या लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, त्यात ऑन-स्क्रीन कीबोर्ड मिळतो, माऊसने क्लिक करत टाका पासवर्ड.

आधी फुकटातली कारणं

नम लॉक बघा. काही छोट्या लॅपटॉपमध्ये तो चालू राहिला की जे, के, एल दाबल्यावर 1, 2, 3 उमटतात आणि माणूस म्हणतो कीबोर्ड गेला. दुसरं म्हणजे फिल्टर कीज. उजवीकडचं शिफ्ट 8 सेकंद दाबून धरलं गेलं की हे चालू करायचं का असा प्रश्न येतो, घाईत यस होतं, आणि मग बटण हलकेच दाबलं तर विंडोज ते मोजतच नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी (विंडोज 10 मध्ये त्याचं नाव ईझ ऑफ ॲक्सेस), मग कीबोर्ड, तिथे फिल्टर कीज आणि स्टिकी कीज दोन्ही बंद करा. आणि आपल्यासारख्या मराठी टाइप करणाऱ्यांचं खास कारण: विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं गेलं की भाषा बदलते, इंग्रजीत पासवर्ड टाकतोय असं वाटतं आणि आत भलतंच काहीतरी जातं. टास्कबारवर कोणती भाषा दिसतेय ते बघून घ्या.

मग लॅपटॉप शटडाउन करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण 30 सेकंद दाबून धरा. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण अडकून बसलेला कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड सांभाळणारी आतली चिप, याने कधीकधी खरंच ताळ्यावर येतो.

विंडोजचा दोष की कीबोर्डचा

यूएसबी कीबोर्ड लावा, शेजाऱ्याचा मागून आणला तरी चालेल. तोही तसाच अडखळत असेल तर गडबड विंडोजमध्ये आहे. तो नीट आणि लॅपटॉपचा मात्र बिघडलेला, तर डिव्हाइस मॅनेजर उघडून कीबोर्डची नोंद अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट मारा, ड्रायव्हर आपोआप परत बसतो. तरीही शंका राहिली तर उबुंटूचा (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम) लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालणारा, बनवून त्यावर लॅपटॉप सुरू करा, काही इन्स्टॉल करायचं नाही, नुसता एडिटर उघडून टाइप करत बसा. तिथेही तीच बटणं गेली की समजायचं, विंडोज बिचारं निर्दोष आहे, फॉरमॅट मारायची गरज नाही. (दुकानात पहिला सल्ला बहुतेक फॉरमॅटचाच मिळतो.)

कोणती बटणं जातात, तिथेच उत्तर असतं

कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. आतल्या पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यावर आडव्या-उभ्या रेषा असतात आणि बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी जोडली जाते. सोसायटीत एका पाइपचं पाणी बंद झालं की 103, 203, 303 सगळ्यांचे नळ कोरडे पडतात, तसंच इथे एक रेष तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. ही बटणं वरून शेजारीशेजारी दिसतीलच असं नाही, कारण आतल्या रेषा वेड्यावाकड्या फिरवलेल्या असतात.

म्हणून, एकच बटण अडत असेल तर कचरा, चहा, किंवा खालचा रबर गेलेला. पाच-सहा ठराविक बटणं एकत्र जातात आणि एकत्र येतात, तर रेष किंवा रिबन केबल, म्हणजे कीबोर्डला मदरबोर्डशी जोडणारी चपटी पट्टी. सगळीच जातात-येतात तर केबलचं कनेक्टर सैल. आणि एकच अक्षर आपोआप ओळभर उमटत असेल तर बटण खाली चिकटलंय किंवा आत ओल गेलीय.

ओलीचं आपल्याकडे जरा जास्तच आहे. ठाणे, ऐरोली, वाशी, खाडी कुठूनच लांब नाही, आणि जून ते सप्टेंबर तर कपाटातल्या बेल्टलासुद्धा बुरशी येते. त्या दमटपणात कॉन्टॅक्टवर गंज धरतो. लॅपटॉप सुरू करून अर्ध्या तासाने, आतून गरम झाल्यावर बटणं परत येत असतील तर ओलीवर संशय घ्यायला जागा आहे. उलट गरम झाल्यावरच जात असतील तर कनेक्टर बघायचा. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उद्योग मात्र करू नका, कणी आणि पीठ आत जातं तेवढंच.

एक गोष्ट उघडण्याआधी बघाच. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो का, टचपॅड वर आलाय का, कडेला फट पडलीय का? तसं असेल तर बॅटरी फुगलीय आणि तीच कीबोर्डला खालून ढकलतेय. चार्जिंग लगेच थांबवा, दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका, सरळ बॅटरी बदलून घ्या.

उघडायचा असेल तर

बॅटरीचं कनेक्शन आधी काढायचं, मगच पुढे. स्क्रू ज्या जागेचे त्या क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा, लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतलं काहीतरी फुटतं. कीबोर्डची रिबन ही पट्टीसारखी चपटी केबल, मदरबोर्डवर छोट्या कनेक्टरमध्ये बसलेली असते आणि त्याला नखाएवढी नाजूक कडी असते. काहींची कडी वर उचलायची, काहींची बाहेर सरकवायची, ओढाताण केली तर कडी तुटते आणि दोनशेचं काम दोन हजारांचं होतं. कडी उघडून रिबन बाहेर काढा, टोकाच्या पट्ट्या काळपट दिसल्या तर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या, सरळ आत सारा, कडी लावा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच काम होतं.

एकच बटण अडत असेल तर एवढं सगळं उघडायची गरज नाही, ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने कचरा काढा. बटणाची टोपी उचकटायची झाली तर जपून, टोपी धरून ठेवणाऱ्या खालच्या प्लॅस्टिकच्या कात्रीसारख्या पट्ट्या जुन्या झाल्या की कुरकुरीत होतात आणि सुट्या मिळणं अवघड. कमी लागणारं बटण असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या फुकटच्या प्रोग्रॅममधल्या कीबोर्ड मॅनेजरने ते काम दुसऱ्या बटणावर टाका आणि मोकळे व्हा.

रेषच तुटली असेल तर मात्र बदलण्याला पर्याय नाही. पार्ट स्वतः आणणार असाल तर ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तिथून जवळ. लॅपटॉपच्या मॉडेलवर भरवसा ठेवू नका, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे कीबोर्ड असतात, जुन्या कीबोर्डच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढून न्या आणि पार्ट नंबर जुळवा. एंटरचं बटण आडवं आहे की उभं मोठं, तेही बघा. बॅकलाइट असेल तर दुसरी छोटी रिबन असते, ती नव्यातही हवी. काही मॉडेलमध्ये कीबोर्ड वरच्या पॅनेलला प्लॅस्टिकच्या खुंट्या वितळवून चिकटवलेला असतो, तिथे पूर्ण पॅनेलच घ्यावं लागतं आणि भाव एकदम वर जातो, मग पुढची चार वर्षं हाच लॅपटॉप वापरणार आहात का ते ठरवा. नसाल तर स्वस्तातला यूएसबी कीबोर्ड लावून काम चालवलेलं बरं.