मॉर्फिन चालू असताना ताप येतो तेव्हा : या चुका टाळा

“मॉर्फिननं प्रतिकारशक्ती जाते” असं मोबाइलवर वाचून कॅन्सरच्या तीव्र वेदनांवरच्या या गोळ्या परस्पर बंद करणं, ही सगळ्यात घातक चूक. वाचलेलं अगदीच खोटं नाही. प्रयोगशाळेत मॉर्फिन आणि त्याच जातीच्या फेंटानिलमुळे जंतू गिळणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्याचं अस्तर सैल पडून तिथले जंतू रक्तात शिरतात. ट्रॅमाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकांचा असा परिणाम त्यामानानं कमी दिसतो. पण रात्रभर वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाची प्रतिकारशक्तीही ढासळतेच. त्यात रोजची गोळी एकदम तोडली की घाम, जुलाब, अस्वस्थपणा सुरू. “चार दिवस बंद करून बघू” हा उतावीळपणा नकोच. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्यानं.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त छळते : ताप झाकला जाणं. ट्रॅमाडॉल 37.5 आणि ताप उतरवणारं पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी बऱ्याच घरांत असते. केमो चाललेल्या रुग्णाला ती दिवसातून तीनदा दिली, की संसर्ग आत वाढत असला तरी थर्मामीटर 99 च्या आसपासच राहतो. सोलापुरात अशोक चौकाच्या पत्र्याच्या घरात, मे महिन्यात, सगळे म्हणतात, “उन्हानं अंग तापलंय.” संध्याकाळी हुडहुडी भरते, पुन्हा गोळी, पुन्हा उतार. रुग्ण बरळायला लागल्यावर मग रिक्षाची धावाधाव. म्हणून ताप गोळीच्या आधी मोजा, गोळीनंतर नव्हे, आणि कॅलेंडरवर वेळेसकट लिहा. केमोच्या रुग्णाला 100.4 फॅरनहाइट दिसला की सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. हुडहुडी भरली किंवा धाप लागली तर आकडा कमी असला तरी निघा.

फेंटानिलची त्वचेवर चिकटवायची पट्टी 72 तासांची. ताप किंवा बाहेरची उष्णता वाढली की त्वचेतून औषध जास्त शिरतं. सोलापूरच्या उन्हात पट्टी उघडी ठेवू नका, त्यावर गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नको. रुग्ण हाक मारून उठेना, श्वास मिनिटाला 10 पेक्षा कमी झाला, तर पट्टी काढा आणि तडक दवाखान्यात न्या.

खोकला आला म्हणून वर कोडीनचं सिरप देऊ नका. कफ आतच साचतो आणि गुंगी वाढते.

मॉर्फिननं बद्धकोष्ठता होणारच, पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून विचारून घ्या. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना घरी एनिमा देऊ नका, त्यानं झालेल्या जखमेतून जंतू आत जातात.

फ्लूची आणि न्यूमोकॉकलची (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची) लस कधी घ्यायची, ते केमो सुरू होण्याआधीच विचारा.