नेट गेलं? आधी डब्यावरचे दिवे बघा

घोडबंदर रोडला खोदकाम झालं किंवा वाशीत गच्चीवरून ओढलेली वायर पावसात तुटली, की संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'नेट आहे का कुणाकडे?' सुरू होतं. त्याचं उत्तर येईपर्यंत भिंतीवरचा फायबरचा डबा बघून घ्या.

एलओएसचा (LOS) दिवा लाल असेल, तर फायबरमधून नेट आणणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी दहादा बंद-चालू करून काही होत नाही. डब्याच्या मागे किंवा खाली हिरव्या किंवा निळ्या टोकाची पातळ वायर असते. ती 'टक' आवाज होईपर्यंत आत दाबा. मग तीच वायर हाताने चाचपत भिंतीपर्यंत जा. सोफ्यामागे चेपलेली, दारात चिमटलेली किंवा घट्ट गुंडाळून बांधलेली सापडली, तर सैल करा. वेटोळं चहाच्या बशीएवढं तरी हवं. वायरीतली काच फार वाकली की प्रकाश बाहेर निसटतो. टोक काढलंत तर त्यात डोकावू नका, लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. बोटाने किंवा रुमालानेही पुसू नका.

एलओएस बंद आणि पॉनचा (PON) दिवा लुकलुकतोय? प्रकाश येतोय, पण कंपनीच्या यंत्राशी नोंदणी होत नाहीये. डबा २ मिनिटं बंद ठेवून चालू करा आणि ५ मिनिटं थांबा. मागच्या बारीक भोकातलं रिसेटचं बटण मात्र दाबू नका. त्याने लॉगिनचं नाव आणि सेटिंग पुसलं जातं, मग माणूस येईपर्यंत बसून राहावं लागतं.

दिवे ठीक असून नेट रखडतंय, तर लॅपटॉप लॅन केबलने जोडून स्पीड मोजा. केबलवर पूर्ण वेग मिळाला, तर दोष वायफायचा. टॉवरमध्ये शेजारच्या वायफायची २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर गर्दी असते. राउटरजवळ ५ गिगाहर्ट्झ वापरा, २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा. पण ५ गिगाहर्ट्झ आरसीसीच्या भिंतीपलीकडे दमतं, म्हणून राउटर टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा. २०० एमबीपीएसचा प्लॅन केबलवर ९४-९५ वरच अडकत असेल, तर बहुतेक वेळा केबलच्या आठांपैकी चारच तारा जोडलेल्या असतात, नाहीतर लॅपटॉपचा पोर्टच १०० चा असतो. आणि १०० एमबीपीएस म्हणजे डाउनलोडमध्ये सेकंदाला साधारण १२ एमबी, १०० नव्हे.

केबलवाल्याने जिन्यातल्या स्विचमधून (घराघरांत नेट वाटणाऱ्या डब्यातून) लॅन वायर दिली असेल, तर घरचा इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की नेट जातं. त्या स्विचला बॅकअप हवा, हे सोसायटीने केबलवाल्याला सांगावं.

तक्रार नोंदवताना कुठला दिवा कसा आहे आणि त्याच कंपनीचं शेजाऱ्यांकडे चालू आहे का, हे सांगा. शेजाऱ्यांचंही बंद असेल तर दोष बहुधा मुख्य लाइनमध्ये किंवा एक लाइन अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरमध्ये. फक्त तुमचंच बंद असेल तर तुमच्या घरी आलेल्या वायरमध्ये. माणूस आला की प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरने आधी जिन्यातल्या पेटीत, मग घरात मोजायला लावा. घरात उणे १८ ते उणे २४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) उत्तम; उणे २७ च्या पलीकडे लाइन टिकत नाही. दोन्ही आकड्यांत ३ चा फरक म्हणजे अर्धा प्रकाश मधल्या वायरीत गेला. अशी वायर बदलूनच घ्या, टेप लावून चालत नाही.