आपत्कालीन क्रमांक चुकून लागला तर काय करावे

आपत्कालीन क्रमांकावर खोटी माहिती देणे किंवा विनाकारण वारंवार फोन करणे हा बहुतेक देशांत गुन्हा असून, त्यासाठी दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र शिक्षा ठरवताना हेतू पाहिला जातो. म्हणून खिशातल्या मोबाइलवरून चुकून कॉल लागल्यास घाबरून तो तोडू नये. तोडलेल्या कॉलमागे कोणी संकटात असेल, या शंकेने कर्मचारी उलट फोन करतात, प्रसंगी गाडीही पाठवतात. त्यापेक्षा लाइनवर थांबून चूक झाल्याचे सांगावे आणि उलट फोन आलाच, तर तो आवर्जून घ्यावा.

जुना मोबाइल मुलांना खेळायला देण्यापूर्वी, शक्य असल्यास, त्याची बॅटरी काढून घ्यावी, कारण अनेक देशांत सिमकार्ड नसतानाही हा क्रमांक लागतो. ही गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

थट्टा किती महाग पडते, हे अमेरिकेतील विचिटा शहरात २०१७ साली दिसले. खून व ओलीसनाट्याच्या खोट्या फोनमुळे पोलीस एका घरी पोहोचले आणि त्यांच्या गोळीने निरपराध माणूस मरण पावला. फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली.

खरोखर धोका वाटत असेल, तर शिक्षेच्या भीतीने फोन टाळू नये. प्रामाणिक गैरसमज सर्वसाधारणपणे गुन्हा ठरत नाही.